७२ ऋतू, ७७ मिनिटं: नवा रॉक अल्बम कसा ऐकावा

भाचा बारावीला आहे. मागच्या दिवाळीत तो बेळगावात आमच्या वडगावच्या घरी आला, माझा मोबाईल उचलला आणि मेटॅलिका या अमेरिकन बँडचा ‘७२ सीझन्स’ हा अल्बम लावला. पहिलं गाणं मिनिटभर ऐकलं, दुसरं अर्धा मिनिट, मग तिसरं. बारा गाणी चहा निवायच्या आत उरकून म्हणतो, “मामा, सगळी एकसारखीच आहेत की!”

मला राग आला नाही. सोळाव्या वर्षी मीही असाच घायकुता होतो. फक्त तेव्हा कॅसेट होती, आणि ती सारखी पुढं पळवली की वॉकमनचे सेल बसायचे. सेलला पैसे कोण देणार? म्हणून झक मारत अख्खी बाजू ऐकायला लागायची. रॉक ऐकायला मी शिकलो तो असा, सेल वाचवायच्या नादात.

नवा अल्बम आला की कुठून हात घालायचा हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणाला तोच ‘७२ सीझन्स’ घेतो, कारण तो मी आल्या दिवसापासून ऐकतोय आणि त्याच्याबद्दलचं माझं मत दोनदा फिरलंय. १४ एप्रिल २०२३ ला तो आला. मेटॅलिकाचा हा अकरावा स्टुडिओ अल्बम. आधीचा आला होता नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे आम्ही जवळजवळ साडेसहा वर्षं वाट बघत होतो. कुणी म्हणेल हे रॉक कुठलं, हे मेटल. असू दे. मेटल हा रॉकचाच दांडगट धाकटा भाऊ, आणि ऐकायची रीत दोघांची एकच.

पहिली पायरी: आधी सुटलेली गाणी

हल्ली अल्बम येण्याआधी त्यातली दोन-चार गाणी एकेक करून सोडतात. इथं बारापैकी चार आधीच बाहेर होती. पहिलं, ‘लक्स इटर्ना’, २८ नोव्हेंबर २०२२ ला अचानक आलं, मग जानेवारीत एक आणि मार्चमध्ये दोन. माझा सल्ला असा की पहिलं ऐका आणि तिथंच थांबा. मी चारही ऐकली, इतकी की ती तोंडपाठ झाली. मग अल्बमच्या रात्री माझं झालं असं की, परक्या गावच्या लग्नात ओळखीचं तोंड दिसलं की माणूस त्याच्याच शेजारी पाट धरतो, तसा मी त्या चार गाण्यांची वाट बघत बसलो. बाकीची आठ नुसती वाढप्यासारखी समोरून गेली.

दुसरी पायरी: साहित्य

भारी हेडफोन लागत नाहीत. वायरचे साधे इअरफोन चालतात, फक्त दोन्ही कानांत आवाज सारखा यायला पाहिजे. एक बाजू मेलेली असेल तर थांबा, आधी दुसरे आणा. पुढं डावा-उजवा कान वेगवेगळा लागणार आहे.

ॲपमध्ये दोन गोष्टी बघा. गाणी उलटसुलट लावणारं शफल बंद करा. आणि बास वाढवणारं जे काही बटण तुम्ही किंवा तुमच्या भावानं कधी दाबून ठेवलंय ते काढा. आपल्याकडं गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीपुढं वाढलेले कान असतात, त्यांना छातीत धपका बसल्याशिवाय गाणं सुरू झालंय असं वाटत नाही. पण तो धपका गिटारीचं निम्मं काम गिळतो. फुकटच्या प्लॅनवर मधे जाहिराती येतात. महिन्याभराचे पैसे भरणं जमत असेल तर भरा, आणि वायफायवर सगळा अल्बम आधीच उतरवून ठेवा.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तास ऐकलं तर कानाला धोका नाही, त्यापुढं आवाज चढला की तास झपाझप कमी करायचे. मी हे हौसेनं सांगत नाही. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका बेंगळूरला पॅलेस ग्राउंडवर वाजवून गेले. दोन दिवस आधीचा त्यांचा गुडगावचा कार्यक्रम रद्द झाल्यामुळं हाही होतो की नाही या धाकधुकीत मी आणि एक दोस्त राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभं राहून गेलो होतो. परत आलो तर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. कानात कापसाचा बोळासुद्धा घातला नव्हता. मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, कानावर पोट आहे. ती शिट्टी थांबेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता.

तिसरी पायरी: पहिली बैठक

एका बैठकीत, ओळीनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शब्द वाचायचे नाहीत, मेसेज बघायचे नाहीत आणि मत बनवायचं नाही.

१४ एप्रिल शुक्रवारी होता, आंबेडकर जयंतीची सुट्टी. म्हणून आदल्या रात्रीच मी माडीवर अंथरूण टाकून बारा वाजायची वाट बघत पडलो. एप्रिलातल्या बेळगावच्या रात्री तुम्हाला माहीत आहेत, दिवसा भट्टी आणि मध्यरात्रीनंतर पांघरूण शोधायचं. शेजारच्या गल्लीत एक यंत्रमाग चालू होता. बाराला गाणी सुरू झाली. तिसऱ्या गाण्यानंतर माझं लक्ष उडालं, सहाव्याला ते परत आलं, नवव्यानंतर पुन्हा गेलं. बारावं गाणं सुरू झालं आणि संपेचना. डोळा लागला.

पहिल्या बैठकीत हे होणारच. अल्बम ७७ मिनिटांचा आहे, नवख्या कानाला तो एका दमात पेलत नाही. तुलना करायची तर १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आठ गाण्यांचा, जेमतेम ५५ मिनिटांचा. लाँगप्लेच्या तबकडीवर एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटंच नीट मावायची, ओढूनताणून थोडी जास्त, त्यामुळं बँडला आपल्याच गाण्यांवर कात्री चालवायला लागायची. आता कुणी कात्री लावत नाही. हा अल्बम तबकड्यांवर घ्यायचा तर दोन लागतात.

म्हणून पहिल्या बैठकीत एवढंच करा: लक्ष कुठं उडालं आणि कुठं परत आलं, त्या गाण्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. दुसरं काही नको.

चौथी पायरी: स्क्रू ड्रायव्हर

खरी गंमत इथं आहे, म्हणून इथं थोडा रेंगाळतो.

आमच्या शॉपमध्ये मशीन घरघरायला लागली की जुने फोरमन एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतात. टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. शॉपमध्ये कितीही गोंधळ असू दे, त्या एका बेअरिंगचा आवाज तेवढा कानात येतो. मग पुढच्या बेअरिंगवर. असं करत करत कुठलं बेअरिंग खाल्लंय ते सापडतं. मी नवीन असताना मला सगळा एकच गडगडाट ऐकू यायचा. सहा महिन्यांनी स्क्रू ड्रायव्हर न लावताही कळायला लागलं.

भाच्याला ‘सगळी एकसारखी’ वाटली ती याच कारणानं. त्याला शॉप ऐकू आलं, बेअरिंग नाही. तेव्हा दुसऱ्या बैठकीपासून एका वेळी एकच वाद्य धरायचं.

पहिल्यांदा ड्रम. तो धरायला सगळ्यात सोपा, कारण आपल्याला ताल कळतो. लार्स उलरिक वाजवतो. पाय कधी दुप्पट पडतात, झांज कधी उघडी सोडतो, एवढं बघा. भजनात मृदंगवाल्यानं लय वाढवली की टाळकरी कसे सरसावतात, तसं गाण्यात कुठं होतंय ते पकडा.

मग रिदम गिटार. रॉकमध्ये रिफ म्हणून जी चीज असते ती म्हणजे गिटारीवरचा छोटा, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. अभंगात धृपद जसं फिरून फिरून येतं तशी ती येते, फक्त शब्दांशिवाय. गाणं तिच्यावर उभं असतं. हेटफिल्ड गातो आणि ही गिटारही तोच वाजवतो. त्याचा उजवा हात बहुतेक वेळा खालच्या दिशेनंच तारा मारतो, वर-खाली नाही. वर-खाली केलं तर निम्म्या कष्टात होतं, पण मग तो ठोका तसा पडत नाही. तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा, आणि मग एकदम सोडायचा. ते ‘झुग्-झुग्-झुग्’ ऐकून आमच्या आईला माग आठवला. तिनं आयुष्यभर कांड्या भरल्यात, तिचा कान माझ्यापेक्षा तयार. एक दिवस इअरफोन तिच्या कानात घातला. दोन मिनिटं ऐकलं आणि काढून हातात देत म्हणाली, “धोटा बरा पडायलाय. पण आमच्या मागातनं निदान साडी तरी निघायची की.”

डावा-उजवा कान आता वापरा. मेटलमध्ये बहुतेक वेळा रिदम गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून एक डावीकडं आणि एक उजवीकडं ठेवतात. एक इअरफोन काढा, ऐका, मग दुसरा. दोन्हींत किंचित फरक सापडला की दोन्ही घाला. भिंत उभी राहिल्यासारखी वाटते ती या दोघींमुळं.

बास, म्हणजे खालच्या सुरातली जाड तारांची गिटार, सगळ्यात अवघड. नवख्याला तो ऐकूच येत नाही, बंद झाला तर मात्र काहीतरी गेलंय हे कळतं. त्यासाठी चौथं गाणं लावा, ‘स्लीपवॉक माय लाइफ अवे’. सुरुवातीला रॉबर्ट ट्रुहियोचा बास पुढं आहे. तो आवाज ओळखून ठेवा आणि गिटारी आल्यावरही सोडू नका, गर्दीत पोराचा हात धरतो तसा धरून ठेवा. तिथं जमलं की बाकीच्या गाण्यांतही हळूहळू सापडायला लागतो.

लीड गिटार, म्हणजे कर्क हॅमेटचे सोलो, यांच्यासाठी वेगळी बैठक नको, ते स्वतःच कानात घुसतात. वा-वा पेडल म्हणून पायाखाली दाबायचा एक प्रकार असतो, त्यानं गिटार माणसासारखी ‘वाँव वाँव’ करते. कर्कला त्याचा भारी नाद. मला विचाराल तर या अल्बमवर जरा जास्तच. आपल्याकडं सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व काय किंवा धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर काय, एका जागेवर किती वेळ थांबायचं हे त्यांना बरोबर कळायचं. ती अपेक्षा इथं धरणं अन्याय आहे हे मला कळतं, पण या भागात वाढलेल्या कानाची खोड आहे, काय करणार.

हे सगळं एका दिवसात करू नका. एका वाद्याला एक दिवस, आणि तेही तीन-चार गाण्यांवरच.

पाचवी पायरी: शब्द

शब्द आता वाचायचे, ॲपमध्ये गाण्याखाली येतात. आधी वाचले तर आपण इंग्रजीचा पेपर सोडवायला बसतो आणि गाणं राहून जातं.

नावापासून सुरुवात करा. इंग्रजी सीझन म्हणजे ऋतू, त्यांच्याकडं वर्षाला चार. अठरा चोक बहात्तर. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत माणूस जेवढे ऋतू बघतो तेवढे. हेटफिल्डचं म्हणणं थोडक्यात असं की तू कोण आहेस हे या वर्षांत आईबाप आपल्याला सांगून ठेवतात, आणि पुढचं आयुष्य तेच गिरवण्यात किंवा त्यातनं सुटण्यात जातं. मुखपृष्ठावर पिवळ्याधमक रंगावर जळून काळा झालेला पाळणा आहे. हेटफिल्डच्या स्वतःच्या घरी ख्रिश्चन सायन्स पंथ कडक पाळला जायचा, ज्यात औषधोपचाराऐवजी प्रार्थनेवर भिस्त असते. तो सोळा वर्षांचा असताना आई कॅन्सरनं गेली. २०१९ मध्ये तो व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी पुन्हा दाखल झाला, बँडला दौरा थांबवावा लागला. हे माहीत असलं की शब्द नुसते काळेकुट्ट वाटत नाहीत.

मी वहीत गणित मांडलं. आपल्याकडं ऋतू सहा. बारा सक बहात्तर, म्हणजे आपल्या हिशेबानं बहात्तर ऋतू म्हणजे नेमकं एक तप. आणि अठरा वर्षंच धरायची तर अठरा सक एकशे आठ, जपमाळेचे मणी. हेटफिल्डला याचा पत्ता असायचं कारण नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

शिवाय आम्हा सीमाभागातल्या पोरांना अठरा वर्षं ‘तू कोण’ हे सांगणारे काय कमी होते? घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, १ नोव्हेंबरला आमच्यात काळा दिन आणि चौकात राज्योत्सव. बेंगळूरला माझ्याबरोबर आलेला दोस्त अनगोळचा, घरात कन्नड बोलतो आणि माझ्याशी मराठी. पॅलेस ग्राउंडवर आम्ही दोघंही सारखंच चुकीचं इंग्रजी ओरडत होतो. शीर्षकगीत ऐकताना प्रत्येकानं आपले बहात्तर काढून बघावेत. तुमचे वेगळे निघतील.

सहावी पायरी: वही

ऐकलेलं लिहून ठेवा. ‘जबरदस्त’, ‘खतरनाक’, ‘बोअर’ हे तीन शब्द वहीत आणायचे नाहीत. काय झालं आणि कितव्या मिनिटाला झालं, ते लिहायचं. माझ्या वहीतलं जसंच्या तसं:

१४ एप्रिल. सहावं बेस्ट. साडेतीन मिनिटांच्या आत काम खलास. बारावं अकरा मिनिटांचं, कशाला? झोप.

१६ एप्रिल. ड्रम धरून ऐकलं. सातवं आणि आठवं अजूनही वेगळं सांगता येत नाही. बाहेर इलेक्शनची रिक्षा.

२२ एप्रिल, अक्षय तृतीया. लाईट गेली, माडीवर. फक्त बारावं लावलं. मध्यावर सगळा गलका ओसरतो आणि बास पुढं येतो. खाली माग बंद पडले होते. पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं.

त्या बाराव्या गाण्याचं नाव ‘इनामोराटा’. इटालियन शब्द, अर्थ प्रेयसी. आणि ही प्रेयसी म्हणजे दुःख. त्याला दुःख सोडवत नाही, ते जवळ असलं की बरं वाटतं, असा मामला. ११ मिनिटं १० सेकंद, मेटॅलिकाच्या स्वतःच्या गाण्यांत सगळ्यात लांब. पहिल्या रात्री ‘कशाला?’ लिहिलेलं हे गाणं आज मला अल्बममधलं सगळ्यात चांगलं वाटतं. आणि सहावं, म्हणजे ‘लक्स इटर्ना’, ज्याच्यावर मी पाच महिने नाचलो, ते आता चहाबरोबरच्या खारीसारखं झालंय. आहे तर आहे, नसलं तर अडत नाही.

वहीत एक प्रश्न मात्र प्रत्येक अल्बमला विचारायचा: दोन गाणी काढायची तर कुठली? नुसतं आवडलं म्हणणं सोपं असतं, काढताना मात्र कारण द्यावं लागतं. मी सातवं आणि आठवं काढतो. सहाव्याची गाडी भरधाव असते आणि तिथंच ती चोर्ला घाटात ट्रकमागं अडकल्यासारखी होते. बँडची काही चूक नाही, दोन्ही गाणी एकेकटी ऐकली तर बरी आहेत. शेजारी शेजारी नको होती. एकही संथ, हळुवार गाणं अल्बमवर नाही, त्यामुळं मधे श्वास घ्यायला जागा मिळत नाही. काहींना हेच आवडतं, आणि त्यांचंही चुकत नाही.

सातवी पायरी: दुसऱ्यांची मतं, मग जुनं दप्तर

वहीत निदान एक पान भरल्याशिवाय कुणाचं परीक्षण वाचू नका, ऐकू नका. एकदा कुणी हुशार माणसानं ‘ड्रमचा आवाज कोरडा आहे’ म्हटलं की तुम्हाला पुढं वर्षभर कोरडा ड्रमच ऐकू येतो. पान भरलं की मग खुशाल वाचा आणि भांडा. याच अल्बमच्या शीर्षकगीताला २०२४ मध्ये मेटलसाठीचं ग्रॅमी मिळालं. माझ्या वहीत ते चौथ्या नंबरावर आहे आणि मी ते खोडलेलं नाही.

नव्या अल्बमवरून जुन्याकडं जायचं तर उलट्या क्रमानं जाऊ नका, दमाल. आधी १९९१ चा बँडच्याच नावाचा, ज्याला सगळे काळा अल्बम म्हणतात तो. गाणी आटोपशीर आहेत, कान पटकन बसतो. मग ‘मास्टर ऑफ पपेट्स’. तो झाल्यावर १९८३ चा पहिला, ‘किल एम ऑल’, म्हणजे विशीतल्या पोरांनी काय दंगा घातला होता ते कळेल, आणि साठीला टेकलेली तीच माणसं ‘लक्स इटर्ना’मध्ये कुणाची नक्कल करतायत तेही. १९८८ च्या अल्बमवर बास जवळजवळ ऐकू येत नाही, तेव्हा चौथ्या पायरीचा सराव तिथं करू नका.

१९९६ चा ‘लोड’ अगदी शेवटी ठेवा. त्या वेळी त्यांनी केस कापले होते, त्यावरून अनगोळच्या दोस्तानं माझ्याशी आठ दिवस बोलणं टाकलं होतं, कारण मला तो अल्बम आवडला होता. भाच्याला सध्या इतकंच सांगितलंय की बारावीची परीक्षा झाली की माडीवर झोपायला ये, इअरफोन तुझा तू आण.